शिवणीतली माया

शहापुरात आमचं दुकान: दोन मशीन, एक पंखा
आणि मापांची वही, जिची पहिली पानं आजोबांच्या मोडीत.
अक्षर लागत नाही. आकडे लागतात.
एका पानावर आप्पांनी नंतर लिहून ठेवलंय: ही गोदाक्का.
परकर. वय बारा.
कंबर एकतीस.

चाळीस पानं पुढं, आप्पांच्या पेन्सिलीत, मी.
वय बारा. एकतीस.
गल्लीत म्हणायचे, टेलरची पोरगी कापड खाते काय!
आई माझ्या ताटातली भाकरी मोडून
अर्धी परत टोपलीत टाकायची
आणि धाकट्या विलासला तूप वाढायची.
तो त्याच घरातला, त्याच चुलीवरचा,
अजून हँगरसारखा.

समोरचा बसू कणबर्गी पंगतीत पाव किलो कुंदा उडवतो
आणि मागाच्या धोट्यासारखा सटासट घरी जातो.
मी नुसता वास घेतला तरी हुक तुटतो,
असं मीच म्हणते, लोकांच्या आधी.
सवय आहे.

मागच्या बुधवारी वडगावच्या दवाखान्यात
नर्सनं दंडाला पट्टा गुंडाळला.
पुरेना. मोठा आणला.
जन्मभर मापं घेतली, त्या दिवशी दिलं.
पट्टा आवळत गेला, मग सुस्कारत सुटला:
एकशे सत्तर, खाली एकशे चार.
"उप्पू कम्मी माडरी, अक्का."
लोणच्याची बरणी डोळ्यापुढं आली.

डॉक्टर म्हणाले, घरात कुणाला होतं?
आप्पा हातात कात्री असताना गेले.
गोदाक्काचं अर्धं अंग.
आजोबांचं कुणी मोजलंच नाही.
ते म्हणाले, बरंच काही रक्तातून उतरतं,
एकच जनुक नव्हे, शेकडो, प्रत्येकाची चिमूट चिमूट.
पण सगळंच ठरलेलं नसतं. थोडं आपल्या हातात.
थोडं म्हणजे किती? बोटभर? वीतभर?
ते हसले.
त्यांच्याकडं टेप नव्हती.

आज रेणूचा शाळेचा स्कर्ट बेतायला घेतला.
ती श्वास आत ओढून, छताकडं बघत उभी,
जशी मी उभी राहायचे.
सोड श्वास, म्हटलं. आता चोरलेलं माप
पुढं कापडच बोलून दाखवतं.
टेप सैल झाली.
एकतीस.

ओरडले नाही.
खाण तशी माती, हे आईचं वाक्य
ओठापर्यंत आलं, टाचणीसारखं तिथंच धरलं.
वहीत लिहिलं: वय बारा.
आणि शेजारी, जे आजवर कुणीच लिहिलं नव्हतं:
सकाळी सहा, येळ्ळूर रस्त्यानं, दोघी.
लोणचं बंद. (माझं.)
विलासमामाला सांगायचं, त्यानंही एकदा मोजून घ्यावं,
बारीक माणसाला कुणी विचारत नाही.

मग शिवणीत माया सोडली, दोन बोटं, दोन्ही बाजूंनी.
आत घ्यायची वेळ आली तरी तीच,
बाहेर सोडायची आली तरी तीच.
रेणू म्हणाली, एवढी कशाला, आई?
मी पाय मारत राहिले.

मशीन थांबवलं तरी
कानात थोडा वेळ
टीप चालूच होती.