बिन कार्ड

गोदीच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं
नटबोल्ट, गॅस्केट, दोरखंड, ग्रीसचे डबे.
सहीशिवाय कुणाला वॉशरसुद्धा दिला नाही.
आता मुहर्रकच्या या खोलीत
लोखंडी खाटेवर बसून
उरलेल्या कोऱ्या कार्डांवर
माझंच सामान चढवतोय.
कार्गोवाला शुक्रवारी येणार. यादी मागितलीय त्याने:
नग, वजन, अंदाजे किंमत.

हेल्मेट, पिवळं, नग एक, पट्टा तुटलेला.
कपाळावर अरबीत माझं नाव.
त्यांच्या लिपीत प नाही,
म्हणून प्रताप पेडामकर इथे
पहिल्याच दिवशी बरताब बेडामकर झाला.
आणि खरं सांगतो, बेडामकर माझ्यापेक्षा
वक्तशीर निघाला.
त्याला रडताना मी कधी पाहिलं नाही.

रुमाल, पांढरा म्हणायचा.
एक्क्याण्णव साली कुवेतच्या विहिरी जळत होत्या,
धूर इथवर आला,
भरदुपारी ट्रकांनी दिवे लावले
आणि पडला तो पाऊस काळा.
कपाळ पुसलं, घडी घातली. धुतला नाही.
शेरा: अजून वास येतो.
किंवा मलाच येतो.

शिंपले सात. मोती निरंक.
क्रेनवाल्या रशीदने दिले. त्याचा आजा पाणबुड्या.
मोती सावकाराचे, म्हणाला, शिंपले आमचे.

पत्र्याची पेटी, कुलूपबंद.
मालक सेल्वराज, वेल्डर, खालची खाट.
दोन हजार तीनमध्ये
'पंधरा दिवसांत येतो' म्हणून गेला.
सही घ्यायची राहिली.
पेटी माझ्याबरोबर चार खोल्या फिरली,
हलवली की आत काहीतरी टणकन वाजतं.
किंमत काय सांगू कार्गोवाल्याला?
'परक्याचा माल' असं लिहिलं,
मग 'परक्याचा' खोडलं.

पितळी हूक, एक.
हा मात्र स्टोअरचा.
अठ्ठ्याण्णवमध्ये भंगारात दाखवला
आणि जेवणाच्या डब्यातून बाहेर काढला,
रेवतीच्या पाळण्यासाठी.
बारसं होऊन गेलं, पाळणा मालिनीने माहेरून आणला,
हूक इथेच राहिला.
एवढी एकच चोरी. लाल शाईने लिहितो.

फोनवर मालिनी म्हणते, भंगार आणू नका,
दाभोळात जागा कुठाय,
तुम्ही पाठवलेल्या ब्लँकेटांनीच माळा भरलाय,
तीन तर अजून पिशवीतून काढली नाहीत.
तिच्याकडेही असेल का असं एखादं कार्ड?
वर माझं नाव, प सकट.
आवक: पंधरा वेळा, दर वेळी पंचेचाळीस दिवस.
जावक: तेवढीच.
पेन्सिलीने शिल्लक काढून पाहिली.
हिशेब चोख जुळला.
खोडून टाकला.

खालून गुलाम भट्टीवाला हाका मारतोय.
वर्तमानपत्रात दोन रोट्या, तीळ लावलेल्या.
पैसे घेत नाही. हिसाब बंद, बेडामकर, म्हणतो
आणि माझ्या पाठीवर पिठाचा पंजा उमटवून जातो.
कार्ड हातात होतंच,
'रोटी, नग दोन' इतकं लिहूनही झालं,
पण रोटी गरम होती
आणि स्टोअरचा नियम असा,
की नाशवंत मालाला कार्ड नसतं.
एक उभ्यानेच खाल्ली.
दुसरीवर ताट झाकून ठेवलं,
सेल्वराजची रात्रपाळी असली की
ठेवायचो तसं.