झिरो एरर

चौदा वर्षं भोसरीच्या शेडमध्ये
मायक्रोमीटरच्या जबड्यात पिना धरून
मी ओके, रिजेक्ट म्हणत आलो.
आता कर्वे रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर,
हनुवटी टेकवून, कपाळ पट्टीला लावून
मीच जॉब झालोय.

"मिटू नका... मिटू नका... हं."

पडद्यावर माझा डोळा म्हणजे नकाशा.
कडेला निळं, मग हिरवं,
खालच्या अंगाला लाल उंचवटा.
वेताळ टेकडी, मी म्हणालो.
शर्वाणी मॅडम हसल्या नाहीत.
सर्वांत पातळ जागी चारशे एकतीस मायक्रॉन.
एवढ्या जाडीची शिम आम्ही
बेअरिंगखाली सारतो आणि विसरतो.

मग कॉर्नियाच्या पापुद्र्यात दोन कमानी सरकवल्या,
कापलेल्या नखाएवढ्या.
दुखलं नाही. उजेड जड झाला फक्त.

तीन महिन्यांनी दोन कागद शेजारी शेजारी.
वक्रता चोपन्न होती, एकोणपन्नास.
सिलिंडर साडेसहाचा पावणेतीन.
लाल गेलं, नारिंगी उरलं;
टेकडी सपाट नाही झाली, जरा खाली बसली.
तक्त्यावर तीन ओळी जास्त वाचल्या,
चौथीत अंदाजानं ठोकलं, पकडला गेलो.
नळ स्टॉपच्या सिग्नलला रात्री अजून प्रभावळ असते.
ती राहील म्हणाल्या.

घरी येऊन जुन्या कागदावरची तारीख पाहिली.
त्याच महिन्यात चाकणहून
तीनशे पिनांचा लॉट परत आला होता.
एका रेघेच्या तीन दिसायच्या तेव्हा मला,
मी मधली धरायचो.
रिपोर्टवर नाव मात्र नागनाथचं लिहिलं,
औशाहून आलेला, ट्रेनी, सहा महिने झालेले.
"सर, मी दोनदा मोजलंय," तो म्हणाला.
"डोळे तपासून घे," मी म्हणालो.

मायक्रोमीटर हातात घेतला
की आधी रिकामे जबडे मिटवून बघायचे,
शून्यावर शून्य बसतं का.
नव्या पोरांना पहिल्याच दिवशी
हे मीच शिकवतो.

आज सेकंड शिफ्टला, मशीन सुरू व्हायच्या आधी,
रिकामे मिटवले.
रेघ एकच.
थोडी सावली आहे तिला, पण एकच.

नागनाथचा नंबर फोनमध्ये आहे अजून.
स्पष्ट दिसतो.
दहाही आकडे.