आलं

रहिमतपूरच्या रस्त्याला, धुलाई सेंटरवर
मी काट्याच्या पावत्या लिहितो,
आणि मापं संपली की खोक्यांवर
पत्र्याच्या अक्षरांतून निळ्या शाईनं छापतो : जिंजर.
दिवसाला चारशे वेळा.
इतक्यांदा छापला की
शब्दाला त्याचं गाव विचारावंसं वाटतं.

पोवई नाक्यावरच्या रद्दीतून कोश आणला.
साडेतीन किलो भरला, आल्यापेक्षा स्वस्त.
त्यात शब्द मागं मागं चालत गेला :
फ्रेंचांच्या रांधपात जिंजिब्र,
रोमच्या बाजारात झिंगिबेर,
ग्रीक खलाशाच्या तोंडी झिंगिबेरिस,
दर बंदराला थोडा थोडा सांडत.
मग पालीतला सिंगिवेर,
मग संस्कृत : शृंगवेर.
शिंगाच्या अंगाचं, असा पंडितांनी लावलेला अर्थ.
ढिगातला एक गड्डा उचलून पाहिला.
आहेत खरी शिंगं,
भलत्याच जनावराला फुटलेली.

पुढच्या ओळीवर वाळवीचं भोक.

ते बुजवलं ईरोडच्या पळनीसामीनं.
ट्रक भरायची वाट बघत बसलेला,
चहात ठेचून टाकायला त्यानं ढिगाकडं बोट केलं :
इंजी.
आणि वेर?
मुळी, म्हणाला मोडक्या हिंदीत,
तळवा जमिनीकडं दाबत.
सुंठीवाचून खोकला गेला.
शिंग नव्हतंच तिथं कधी.
एवढा समुद्र हिंडलेला शब्द
ह्याच्या आईच्या चुलीपाशी
जागचा हललाही नव्हता,
जसं नवा गड्डा उपटावा
आणि खाली लावलेलं बेणं तसंच निघावं,
काळपट, सुरकुतलेलं, न कुजलेलं.

हौसाबाईला सांगितलं हे सगळं.
ती फवाऱ्याखाली बोटं घालून
बेचक्यांतली माती काढत होती.
"मग आपलं आलं कुठनं आलं?"

कोशात मराठी नव्हतं.
शाळेतलं संस्कृत चाचपत म्हणालो,
आर्द्रक. म्हणजे, ओलं ते.
तिनं हात वर धरले,
पांढरेफटक, पाण्यानं चुरमडलेले,
कोपरापर्यंत गळत असलेले.
"मग बरोबर हाय," म्हणाली,
आणि पुढची पाटी ओढली.

संध्याकाळी दुबईची खोकी निघाली.
तिथं ती उघडतील तेव्हा
आत झंजबील असेल.
एकाच्या तळाशी, आतून,
पेन्सिलीनं मी लिहून ठेवलंय
इंजी.
मालकाला ठाऊक नाही.