मुळांसाठी झेंडू

दिवे घाट चढून आलं की डावीकडे
आमची अंजिरं. पाणी देऊनही
भर दुपारी माना टाकायची.
यशोदामावशीनं खुरप्याच्या टोकानं
एक मुळी वर काढली:
गाठीच गाठी,
विसरायला नको म्हणून
कुणी पदराला मारत गेल्यासारख्या.

शिवाजीनगरच्या कॉलेजात
भिंगाखाली दिसले ते सूत्रकृमी,
पाण्यात लिहिलेली
लगेच पुसली जाणारी अक्षरं.
"डोळे नसतात त्यांना," तिथली मुलगी म्हणाली,
"वास मात्र कळतो."

मग निंबोळी पेंड. आठवडाभर
घरातल्या चहालासुद्धा तोच दर्प.
आणि ओळींच्या मधून झेंडू.

दसरा जवळ आला तसा
गुलटेकडीहून आडत्याचा फोन:
"माल कधी धाडताय?"
मावशी म्हणाली, फुलं ने तोडून,
झाड एकही उपटायचं नाही.
आम्ही ते खालच्यासाठी लावलंय.

परवा पुन्हा एक मुळी उकरली.
गाठी तीन.
मागच्या खेपेला मोजताच आल्या नव्हत्या.
मावशीनं ती हुंगली, माती परत लोटली,
आणि हात न धुताच भाकरी मोडली.

कडू लागली.
दोघींनी खाल्ली.