तुलनेसाठी निरोगी नमुना

मंडोदरी म्हणाली, बाई, दुपट्याला काकवीचा वास येतोय.
मग स्वतःच खोडून काढलं:
आम्ही गुऱ्हाळावरची माणसं,
आमच्या तर भाकरीलाबी येतो.

मांजराकाठी चुलवाण पेटलेलं, काहिलीत रस चढलेला,
अशा रानात कोण ओळखणार
कुठला गोडवा उसाचा नि कुठला लेकराच्या लघवीचा?
पहिलं अकराव्या दिवशी गेलं.
सासू म्हणाली होती, नशीबवान आहे,
अंगाला गूळ दरवळतो.

दुसरं तिनं पोटाशी धरून
एसटीनं अंबाजोगाईला आणलं, पाचव्या दिवशी,
आणि मी त्याच्या टाचेतले चार थेंब
जाड कागदावर टिपून घेतले.

शाळेच्या पुस्तकात तंतुकणिका असते,
चवळीच्या दाण्यासारखी, आडवी कापलेली, एकटी.
खरं तर एकेका पेशीत त्या शेकडो
आणि प्रत्येकीत चुलवाण रात्रंदिवस.
दुधातून, डाळीतून आलेलं ल्युसीन तिथं जळायचं असतं.
नागनाथच्या पेशींत
मळी काढणारा झाराच नाही.
ती वर येते, साचते,
आणि मेंदूपर्यंत गोड वास चढत जातो.

ही चूल आईकडून येते, नुसती आईकडून.
झारा घडवायचा निरोप मात्र दोघांकडून, आई आणि बाप.
एकाकडचा चुकला तर भागतं.
मंडोदरी मामाच्या घरात दिलेली.
मी वंशावळ काढते: बाईला गोल, पुरुषाला चौकोन,
नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ.

प्रयोगाला तुलनेसाठी निरोगी नमुना लागतो.
मार्च अखेर, अनुदान संपलेलं,
गफारभाई डिझेलची पावती घेऊन दारात उभे.
मी माझ्याच दंडाची कातडी काढून दिली,
तीन मिलिमीटर, टाका पडला नाही.
महिनाभर वाढल्या माझ्या पेशी गुलाबी पाण्यात,
नागनाथच्या पेशींशेजारी, एकाच कपाटात.
मग दोन्हींना ल्युसीन घातलं
आणि किती जळतं ते मोजलं.

त्याचं शंभरात दोन.
माझं शंभरात पंचेचाळीस.
यंत्र चुकलं असेल म्हणून पुन्हा.
त्रेचाळीस.
गफारभाई, रात्री लाईन गेली होती का?
नाही बाई. मी जागाच होतो.

धारूरला आईला फोन लावला.
आपल्यात कुणाचं लेकरू बारशाआधी गेलं का?
पलीकडं मिक्सर चालू होता, तो थांबला.
तुह्या आदुगर एक व्हता, ती म्हणाली.
दूध सोडलं, मान टाकली. नाव ठेवायचं राहिलं.
मग, मी काहीच न विचारता:
आपल्याकडं ऊस बी नव्हता गं तव्हा.
मला वाटायचं, मलाच गोडाचे डोहाळे मागं राहिलेत.

नागनाथ आता पाच किलोचा.
दूध मिलीमिलीनं मोजून,
बाकी परदेशातली पावडर, जिच्या एकेका डब्यासाठी
मी सारखी कुणाकुणाला पत्रं लिहिते.
मंडोदरी रोज सकाळी दुपटं हुंगते
आणि फोन करते: आज नाही.

वहीत नमुना क्रमांक चारपुढं
माझ्या अक्षरात 'निरोगी' लिहिलेलं आहे.
ते खोडलं नाही.
शेजारी पेन्सिलीनं एक लहान चौकोन काढला,
त्यावर तिरकी रेघ.
आई नि आप्पांच्या मधली रेघ
एकेरी ठेवू की दुहेरी,
सोयरीक कुठून जुळली होती त्यांची,
हे विचारायला मी फोन हातात घेते
तेवढ्यात मंडोदरीचाच येतो:

बाई, आज येतोय का नाही, कळंना झालंय.
हात धुऊन
पुन्हा हुंगू का?