कौल

माग विकला, तेव्हा वडगावची खोली एवढी मोठी झाली
की खोकलं तरी घुमायचं.

बैलहोंगलच्या वसतिगृहात स्वयंपाकीण पाहिजे म्हणे.
माझी कानडी बाजारापुरती:
एष्टु, बेड, साकु.

भरमू गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांना
एकेक ओली कळी चिकटवली.
उजवी पडली तर जा,
डावी पडली तर राहा.
समईतलं तेल संपत आलं,
दोन्ही कळ्या जाग्यावर.
"आई आज बोलत नाही बघ," म्हणाला
आणि ताट आवरायला लागला.

थोडी रागावले. खोटं कशाला बोलू.

सोमवारी स्टँडवर पाटी वाचता येईना.
एका शाळकरी पोरीनं बोट दाखवलं, चढले.
दारातच उभी, ट्रंक पायाशी,
उतरावं माघारी की काय,
तोवर कंडक्टर ओरडला,
"मुंद होग्री अक्का, मुंद होग्री!"

एवढी कानडी मला कळते.
आईलाही ते ठाऊक असणार.

ट्रंक उचलली, पुढं सरकले.
खिडकीजवळच्या बाईनं लेकरू मांडीवर घेऊन
जागा केली.
सांबरं मागं पडलं.
माझा उजवा खांदा
तिच्या खांद्याला टेकून राहिला.