बोल्ट

खाण बंद व्हायला अजून काही वर्षं होती
आणि मी नऊची.
रविवारी बाबांनी मला कोठारात नेलं.
कुलपाच्या भोकात किल्ली जायला चार खेपा लागल्या.
हात थरथरायचे त्यांचे. इद्रियात
पाऱ्याच्या खाणीत जन्म काढलेल्यांचे थरथरायचेच.
चमचा अर्धाच भरायचा,
हे आमच्याकडे पोरंसोरंही शिकलेली.

"हा कप उचल."
चहाचा कप, निळ्या काठाचा, कान तुटलेला.
आत पारा. कप जागचा हलेना,
टेबलाला खिळा मारलाय की काय!
"पावणेतीन किलो," बाबा म्हणाले,
बाजारातून तेवढे बटाटे आणल्यासारखे.

मग खिशातून बोल्ट काढला,
कुठल्याशा ढकलगाडीचा, गंजलेला,
आणि घमेलंभर पाऱ्यात सोडला.
मी कान देऊन उभी, टुक् व्हायची वाट बघत.
झालंच नाही.
लोखंड पाऱ्यावर आडवं पडलं होतं,
सुट्टीला नदीकाठी कुणी उन्हात पडावं तसं.
बोटानं दाबलं, गेलं.
सोडलं, आलं.
दाबलं. आलं.

"जादू?"
"हिशेब," बाबा म्हणाले.
"कुठंही शिरायचं तर तिथल्याला सरकवावं लागतं.
जो सरकतो, त्याच्या वजनाइतकाच तो तुला पेलतो.
पाण्यात हा अख्खा बुडाला तरी
सरकलेलं पाणी ते केवढंसं! पेलणार कसं?
इथं अर्ध्याहून थोडं जास्त अंग आत गेलं
की फिटलं सगळं. उरलेला मोकळा, हवेत."

"आणि शिसं?"
"तेही तरंगेल. गळ्यापर्यंत बुडून."

"आणि सोनं?"
बाबांनी हात खिशात घातला.

सोनं बुडतं. शिवाय
वर काढावं तर पांढरं होऊन निघतं.
लग्नाच्या पहिल्याच वर्षी पाळीवर जाताना
ते अंगठी काढायला विसरले,
सोन्याची घालून गेले, चांदीची घेऊन आले.
आई, येरित्सा तिचं नाव, तीन दिवस बोलली नाही.
लेस विणायच्या तिच्या काठ्या तेवढ्या बोलत राहिल्या
टकटक टकटक.
सोनार म्हणाला, तापवतो, पारा उडून जाईल.
"उडून कुठं?" आईनं विचारलं. "तुमच्या छातीत?"
अंगठी तशीच राहिली.

"आता हात घाल," बाबा म्हणाले.
हात आत जाईना.
खालून थंड, चहूकडून, कुणीतरी
नको नको म्हणत ढकलत होतं.
सगळा जोर लावून मनगटापर्यंत नेला.
बाहेर काढला
तर कोरडा ठाक.

घरी आईनं झ्लिक्रोफी टाकले होते,
बटाट्याचे ते चिमुकले कानवले, आधण पाण्यात.
तळाशी बसले, मग एकेक वर.
"वर आले म्हणजे झाले," आई म्हणाली.
"मी कधी वर यायचा?" बाबा म्हणाले.
मी हसले. आईनं झारा हातात घेतला.

गेल्या फेब्रुवारीत बाबा गेले.
शेवटी शेवटी पाखराएवढे उरले होते.
तरी खांदा देणारे सहाजण, दोनदा थांबले.
चढ होता, बर्फ होता, मान्य.
मातेव्झ काका म्हणाले, लोव्रेन्त्स इतका जड?
कुणी उत्तर दिलं नाही.

त्यांचा कोट झाडताना अस्तरात
तो बोल्ट लागला हाताला.
स्वयंपाकघरात भांडी भिजत घातलेली.
का कोण जाणे, मी तो वरून सोडला.

टुक्.

एकतीस वर्षं उशिरा, पण आला तो आवाज.
लोखंड तेच. वजनही तेच,
गंज गेला असेल तेवढा सोडून.
पाणी निवळेपर्यंत थांबले.
तळाशी कपबशांच्या मध्ये पडला होता,
कुणी वर ढकलत नव्हतं त्याला.

बाही सावरून हात आत घातला.
किती सहज गेला आत.
बोल्ट घेऊन बाहेर काढला
तो कोपरापर्यंत ओला,
आणि बोटांवरून
जमिनीवर ठिपकत राहिला.